पट्टीखालच्या अकरा ओळी

माझ्या मामाला छापखान्यात सगळे चिकटमामा म्हणतात. तो कंजूष आहे म्हणून नव्हे. कंजूष तो आहेच, पेन्सिलीचं बोटाच्या पेराएवढं थोटूक होईपर्यंत दुसरी पेन्सिल काढत नाही. पण नाव पडलं ते डिंकामुळे.

पूर्वी पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर जुळवायचे, गुळगुळीत पांढऱ्या कागदावर छापून काढायचे आणि त्या कागदाचा फोटो घेऊन छपाईची प्लेट बनवायचे. प्लेटला जायच्या आदल्या दिवशी एखादी चूक सापडली तर अख्खं पान पुन्हा काढायला कोणी तयार नसायचं. तो कागद महाग होता. मग मामा फक्त चुकलेली ओळ नव्याने टाईप करून घ्यायचा, तिची पट्टी ब्लेडने कापायचा आणि जुन्या ओळीवर अशी चिकटवायचा की नखाला कड लागत नसे. कॉम्प्युटरच्या मूळ फाईलमध्येही ती दुरुस्ती करायला हवी असायची. पण ऑपरेटर म्हणायचा, "लावतो नंतर." हा नंतर काही कोणाच्या आयुष्यात उगवला नाही. पुस्तक बरोबर छापून बाहेर पडलंय, मग फाईल कशाला कोण उघडतंय. अशी वीस-बावीस वर्षं गेली. कागदावर सगळं शुद्ध आणि फाईलमध्ये सगळं होतं तसं. ही गोष्ट छापखान्यात सगळ्यांना माहीत होती, आणि सगळे ती सोयीस्करपणे विसरले. त्यात मामाही आला.

मामा प्रूफरीडर आहे, म्हणजे लोक पुस्तक वाचतात आणि हा पुस्तकातल्या चुका वाचतो. मामी म्हणायची, "यांना घासाआधी खडा दिसतो." दवाखान्यात तपासायला गेला तरी भिंतीवरचा तक्ता वाचून डॉक्टरांना सांगायचा की तिसऱ्या मुद्द्यानंतर एकदम पाचवा आलाय. मामी गेली त्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर त्याने स्वतःच तपासला, दोन जागी दुरुस्ती केली, कागद माझ्या हातात दिला आणि मग रडायला बसला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. त्याचा राग मला वरचेवर येतो, आणि हे सगळं लिहितानाही तो गेलेला नाही.

मला छापखान्यात त्यानेच चिकटवलं. सहा वर्षांपूर्वी मोठे मालक अंथरुणाला खिळले आणि धाकटे मालक खुर्चीवर आले. त्यांनी ठरवलं की जुनी पुस्तकं पुन्हा छापायची नाहीत, सगळ्यांची ई-पुस्तकं करायची. जुन्या फाईली नव्या पद्धतीत आणायचं काम माझ्याकडे आलं आणि तपासायचं मामाकडे. दोन टेबलं समोरासमोर, मध्ये एक खिडकी. ती उघडत नाही, कारण बाहेरून तिच्यावर दुकानाची पाटी ठोकली आहे.

जुनी फाईल नव्या पद्धतीत आणली की काय होतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. जोडाक्षरं फुटतात. एका शब्दाची वेलांटी शेजारच्या शब्दावर जाऊन बसते. पानाचा क्रमांक आणि वरचं शीर्षक वाक्याच्या पोटात शिरतं, मग नायिका दार उघडते आणि 'एकशे बारा प्रकरण सातवे' म्हणून रडू लागते. पहिले काही महिने आम्ही दोघं हसून हसून दमायचो. नंतर हसू आटलं. अशी पुस्तकं विकत घेऊन लोक वाचत होते, आणि लेखक बरेचसे वर गेलेले होते, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी नव्हतं.

मामाला प्रत्येक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं होतं. धाकटे मालक म्हणाले, "काका, आठवड्याला आठ पुस्तकं जायला हवीत. तुम्ही वाचत बसलात तर आपण दोघंही म्हातारे होऊ." मग त्यांनी एक प्रोग्रॅम आणला. ज्या शब्दात काही बिघडलंय असं त्याला वाटे तो शब्द लाल व्हायचा. मामाने फक्त लाल शब्द बघायचे. पहिल्या दिवशी मामा खूप धुसफुसला. दुसऱ्या दिवशी कमी. वर्षभराने तो लाल शब्दावरून लाल शब्दावर असा जाऊ लागला की मधलं पान त्याला दिसतही नसावं. अडला हरी, दुसरं काय. त्रेसष्टाव्या वर्षी दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं त्याला?

आता त्या एका पुस्तकाबद्दल सांगायला हवं.

बावीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या आठवणी छापायला दिल्या होत्या. गावात त्यांना सगळे मोठे सर म्हणत. पुस्तकाच्या शेवटाकडे एक प्रकरण होतं, शाळेच्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीचं. त्या आगीत नववीतल्या एका मुलीचा डोळा गेला. चौकशी झाली आणि ठरलं की प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने आदल्या संध्याकाळी गॅसचा मुख्य नळ उघडा ठेवला. मदतनीस सांगत होता की मी त्या दिवशी शाळेत नव्हतोच, माझ्या बायकोचं बाळंतपण होतं, मोठ्या सरांनीच मला तोंडी रजा दिली होती. पण हजेरीच्या वहीत त्याची सही होती. त्याचा पगार कापला जाऊ नये म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने ती ठोकून दिली होती. आणि मोठ्या सरांना रजा दिल्याचं आठवेना. मदतनिसाची नोकरी गेली. शाळेतली पोरं त्याला रस्त्यात 'काडेपेटी' म्हणून हाका मारायची. तेच नाव त्याला गावभर चिकटलं. बायकोला भाजी देतानाही भाजीवाली विचारायची, काडेपेटीच्या घरच्या ना?

मोठ्या सरांनी आठवणीत हे सगळं अकरा ओळींत लिहिलं होतं. "आमचा मदतनीस मनाने लोणी, पण कामात ढिलाई" अशी सुरुवात होती. एका ढिल्या नळाने एका लेकराचा डोळा नेला, असा शेवट. मामाने तीनदा प्रूफ वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओळी ठीक म्हणून सोडल्या. मग चौथ्या, शेवटच्या वाचनात, प्लेटच्या आदल्या दिवशी, तो एकसष्टाव्या पानावर थांबला. तिथे सरांनी एक गमतीचा प्रसंग दिला होता. शाळेचं मोठं घड्याळ एका सकाळी बंद पडलं, शिपाई शिडीवर चढला होता, आणि तेवढ्यात मदतनीस धावत आला की मुलगी झाली. सर म्हणाले, "जा, चार दिवस तोंड दाखवू नकोस." आणि पुढे, आगीच्या प्रकरणात, एकशे चाळिसाव्या पानावर सर सांगतात की आग नक्की किती वाजता लागली ते समजलं नाही, कारण घड्याळ आदल्याच सकाळी बंद पडलं होतं.

मामाने पेन्सिलीने समासात लिहिलं: "पान ६१ प्रमाणे घड्याळ बंद पडलं त्या सकाळीच मदतनीस चार दिवसांच्या रजेवर गेला. मग संध्याकाळी नळ कोणी उघडा ठेवला?"

दुसऱ्या दिवशी मोठे सर स्वतः छापखान्यात आले. कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. मामा सांगतो, अर्धा तास ते ती दोन पानं पुढे-मागे उलटत राहिले, मग म्हणाले, "पेन द्या." पानं सगळी जुळवून झालेली होती, त्यामुळे अकरा ओळी काढायच्या तर अकराच ओळी घालायला हव्यात. सरांनी लिहायचं आणि मामाने शब्द मोजायचे, असं करत त्यांनी नव्या अकरा ओळी तयार केल्या. त्यात सरांनी सरळ लिहिलं की मदतनीस त्या दिवशी शाळेत नव्हता, रजा मीच दिली होती, त्याला काढल्याच्या कागदावर सही माझी आहे आणि त्याचा अपराधी मी आहे. मामाने ती पट्टी कापली आणि चिकटवली. पुस्तक छापून आलं.

महिन्याभराने मदतनीस छापखान्यात आला. नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. त्याने विचारलं की हे पुस्तक इथेच झालं का, आणि सगळ्यांना नमस्कार करून गेला. त्या समासातल्या प्रश्नाबद्दल त्याला कोणी सांगितलं नाही. मामाही बोलला नाही. त्याचं म्हणणं, प्रूफरीडर दिसला की काम बिघडलं. पण घरी हा प्रसंग मी शंभर वेळा तरी ऐकला असेन. चाळीस वर्षांच्या खर्डेघाशीत एवढं एकच काम त्याने आपलं मानलं होतं.

गेल्या वर्षी त्या पुस्तकाची पाळी आली. जुन्या डिस्कवर तीन फाईली होत्या: 'अंतिम', 'अंतिम दोन' आणि 'अगदी अंतिम'. मी 'अगदी अंतिम' घेतली. अजून काय करणार होते? मामाला विचारलं, "मामा, हे तरी पूर्ण वाचणार का?"

तो म्हणाला, "ह्याला काय वाचायचंय? हे माझं स्वच्छ आहे."

त्याने लाल शब्द बघितले. एकशे चाळिसाव्या पानावर एकही लाल शब्द नव्हता. त्या ओळी चोख टाईप केलेल्या होत्या. त्याने 'ठीक' लिहून सही केली आणि पुस्तक विक्रीला गेलं.

चार महिन्यांनी दुपारी एक बाई आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, कामावरून मध्येच निघून आल्यासारख्या. धाकट्या मालकांच्या केबिनकडे न जाता सरळ आमच्या टेबलांशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन मामापुढे धरला.

"हे तुमच्याकडचंच पुस्तक ना?"

त्या म्हणजे मदतनिसाची मुलगी, ती घड्याळाच्या दिवशी जन्मलेली. बाबांच्या जवळचं पुस्तक तेच ते पान उघडून उघडून खिळखिळं झालं होतं, आणि घर बदलताना नेमकी तीच पानं कुठेतरी पडली. बाबांना आता दिसत नाही. त्यांना ऐंशीवं लागलं म्हणून ताईंनी ई-पुस्तक घेतलं, निदान वाचून तरी दाखवता येईल अशा विचाराने. संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसल्या आणि तेच पान काढून मोठ्याने वाचायला लागल्या. "मी वाचत गेले हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं पुढे येईल, पुढे येईल. थांबायचं सुचलंच नाही मला. शेवटपर्यंत वाचलं."

मामाने फोन घेतला. ओळी वाचल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला समजलं की त्याला काय झालंय, कारण मला 'अगदी अंतिम' आठवली: पट्टी कागदावर लागली होती, फाईलमध्ये नाही.

"बाबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, सरांनी परत बदललं का गं? मी सांगितलं, बाबा, सर जाऊन नऊ वर्षं झाली. तर म्हणाले, मग जायच्या आधी बदललं असेल." ताईंनी पिशवीचा बंद पिळला. "दोन आठवडे झाले, नीट जेवत नाहीत. शाळेच्या जुन्या मुलांचा ग्रुप आहे, त्यात सगळ्यांनी घेतलंय हे पुस्तक. एकाने तर तेवढाच उतारा टाकला, आणि खाली काडेपेटीचं चित्र. बाबांना नाही सांगितलं मी ते."

आम्ही तिघं धाकट्या मालकांकडे गेलो. तो माणूस काही वाईट नाही. त्याने ऐकून घेतलं, ताईंना पाणी दिलं, आणि म्हणाला की विक्रीच्या साईटवर एकेक पुस्तक बदलून मिळत नाही, दुरुस्त्या चाळीस पुस्तकांच्या झाल्या की एकत्र जातात. सध्या अकरा जमल्यात. मामा म्हणाला, "विकणं तरी थांबवा." त्यालाही अर्ज होता, आणि अर्जाला सहा आठवडे. "आणि ज्यांनी घेतलंय त्यांच्या फोनमधलं?" मी विचारलं. मालक म्हणाले, "ते त्यांच्याकडे आहे ते आहे. त्यांनी स्वतः काढून परत उतरवून घेतलं तरच बदलणार." कोण काढणार होतं? तीनशेच्या वर लोकांनी घेतलं होतं, आणि त्यातल्या एकालाही ते पान चुकलंय असं वाटलेलं नव्हतं.

मामा त्या दिवशी जागेवरून उठला नाही. पाच वाजता म्हणाला, "तीनशे जाऊ देत. त्या एकाला जाऊन सांगू."

रविवारी सकाळी निघालो. छापखान्यात छापील पुस्तकाची एकच प्रत उरली होती, ती मामाने वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली. बसमध्ये मी त्याला पढवलं. "मामा, ऐक. तिथे व्याख्यान द्यायचं नाही. मशीनची चूक, एवढंच. मशीनने घोळ घातला, खरं पुस्तक हे, आणि वाचून दाखवायचं. बस."

"बरं."

"पट्टी, डिंक, फाईल, काहीएक काढायचं नाही."

"बरं म्हटलं ना."

दोन खोल्यांचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन आणि कपड्यांचे ढीग, आतल्या खोलीत पलंग. पलंगावर म्हातारे उशांना टेकून बसले होते. हात फार स्वच्छ, नखं कापलेली. आम्ही आलो हे ऐकून त्यांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली आणि बसायला सांगितलं. ताईंनी चहा ठेवला.

मामाने छापील पुस्तक उघडलं आणि त्या अकरा ओळी वाचल्या. त्याचा आवाज चांगला आहे, सावकाश वाचतो. म्हातारे ओठ हलवत होते. त्यांना सगळं पाठ होतं. "त्याचा अपराधी मी आहे" हे शब्द त्यांनी मामाच्या आधीच उच्चारले.

"हे खरं पुस्तक," मामा म्हणाला. "फोनमध्ये आलं ती मशीनची चूक."

मी सुटकेचा श्वास सोडला. ताईही दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

म्हाताऱ्यांनी हात पुढे करून उघड्या पानावरून बोटं फिरवली. मग म्हणाले, "भाऊ, एक विचारू का? मशीन अक्षरं बिघडवतं, ते मला मुलीने सांगितलं. पण मशीनला वाक्य कसं सुचलं? 'मनाने लोणी, पण कामात ढिलाई.' हे सरांचं बोलणं आहे. मला ते तोंडावर असंच म्हणायचे. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं काढली. हा त्यांचाच आवाज आहे."

मी मामाच्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरात ठेवला. एखाद्या दुसऱ्या माणसाने काहीतरी ठोकून दिलं असतं: सरांनी कच्च्या वहीत लिहून खोडलं असेल, कुणी शत्रूने घातलं असेल, काहीही. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्यातली खोट काढली, त्याला स्वतःला एक खोटं वाक्य जुळवता येईना. तो चष्मा पुसत बसला.

"सरांनीच लिहिलं होतं," तो म्हणाला. "आधी."

"आधी म्हणजे?"

आणि मग मामाने सगळं सांगितलं. घड्याळ, एकसष्टावं पान, पेन्सिल, कागदाचा गठ्ठा, पट्टी. मी थांबवायला बघितलं, पण तो थांबला नाही. त्याला वाटत होतं की हे ऐकून म्हाताऱ्यांना बरं वाटेल. सर किती सच्चे होते, चूक दिसताच कशी त्यांनी पदरात घेतली, हेच त्याला सांगायचं होतं. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस, एकदा बोलायला मिळालं तर बोलत सुटला. मला आजही वाटतं की त्यात थोडा अभिमानही होता, आणि त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

म्हाताऱ्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "म्हणजे तुम्ही विचारलं नसतं तर?"

मामाने हातातलं पुस्तक मिटलं.

"त्यांना माहीतच नव्हतं? वीस वर्षं?"

"त्यांच्या लक्षात आलं नव्हतं," मामा म्हणाला. "पण आल्यावर त्यांनी..."

"मला वाटायचं, त्यांना झोप लागत नसेल," म्हातारे म्हणाले. "मी रस्त्यात त्यांना बघितलं की बाजूला व्हायचो. उगाच त्यांना तोंड लपवायला लागू नये म्हणून. मुलांना म्हणायचो, त्यांना वाईट बोलू नका, ते आतून जळतायत, एक दिवस बोलतील. मग पुस्तक आलं. मला वाटलं, बोलले." त्यांनी पांघरुणाची कड दोन्ही हातांनी सरळ केली. "मी उगाच कीव करत होतो त्यांची."

ताईंनी चहा आणला. कोणी घेतला नाही. निघताना मामाने ते पुस्तक पलंगावर त्यांच्या हाताशी ठेवलं. जिन्यात ताई आमच्या मागे दोन पायऱ्या उतरून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनाने आलात, कळतंय मला. पण नसता आलात तर बरं झालं असतं." मामा त्यांच्याकडे बघून मान हलवत राहिला. बसमध्ये मी त्याच्याशी बोलले नाही. घरी गेल्यावरही दोन दिवस बोलले नाही. आगीतून फुफाट्यात टाकलंस म्हाताऱ्याला, एवढं मात्र पहिल्याच स्टॉपला बोलून घेतलं होतं.

नव्या अकरा ओळी मी प्रत नेण्याआधीच उतरवून ठेवल्या होत्या, त्या मूळ फाईलमध्ये घातल्या. मामाने पुस्तक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, लाल-बिल न बघता, आठवडाभर. धाकट्या मालकांनी काही म्हटलं नाही. मग बाकीची पुस्तकं जमेपर्यंत आम्ही थांबलो. मामाने त्या दिवसांत इतकं काम उपसलं की मला त्याची काळजी वाटायला लागली. दुरुस्तीची चाळीस पुस्तकं लवकर व्हावीत म्हणून तो सुट्टीच्या दिवशीही येऊन बसे. अडीच महिन्यांनी नवी फाईल साईटवर चढली. मी माझ्या फोनवर विकत घेऊन एकशे चाळिसावं पान त्याला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, मग ताईंचा नंबर मागितला. मी म्हटलं, नको करूस फोन. त्याने ऐकलं नाही. मी फोन लावून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"ताई, छापखान्यातून बोलतोय," तो म्हणाला. "पुस्तक दुरुस्त झालं. आता कोणीही घेतलं तरी बरोबरच येईल. तुमच्या फोनमधलं तेवढं काढून परत उतरवून घ्या, म्हणजे बाबांना वाचून दाखवता येईल."

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"बाबा आता कुठलंच वाचू देत नाहीत," ताई म्हणाल्या. "तुम्ही ठेवून गेलात तेही नाही."

"का?"

"ते म्हणतात, सरांनी आपल्या मनाने लिहिलं ते पहिलं. दुसरं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. माणूस आपल्या मनाने लिहितो तेच खरं असतं. आता म्हणतात, मीच ठेवला असेल नळ उघडा. इतकी वर्षं झाली, मलाच नीट आठवत नसेल. त्या दिवशी मी शाळेतच असेन. वहीत सही आहे ना, मग असेनच."

"पण ते तुमच्याजवळ होते त्या दिवशी," मामा म्हणाला. "तुमचा जन्म..."

"आई सांगायची, मला पहिल्यांदा त्यांनीच हातात घेतलं. परवा मी बाबांना विचारलं. तर म्हणाले, नाही गं, मी नव्हतो तिथे. तुला दुसऱ्या कोणीतरी घेतलं असेल." मशीनचं चाक हाताने फिरवल्याचा आवाज आला. "आणि आई आता नाही, काका. विचारायचं कोणाला?"

मामाने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फोन माझ्या बाजूला सरकवला. मी तो उचलून कानाला लावला. ताई अजून फोनवर होत्या, मशीन अजून थांबलेलंच होतं.